शाहूंना कोशात शोधायचे कुठे?

सोलापूर विद्यापीठाला २०१९ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. आता कोशात त्यांना कोणत्या अक्षराखाली शोधायचे? 'पु', 'अ' की 'हो'? कोणाला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. वस्तीतल्या वाचनालयात कोश चाळणाऱ्या विद्यार्थ्याला तो तसा नाही.

शाहूंचेच पाहा. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले. इंग्रजांनी त्यांना 'सर' केले, केंब्रिजने मानद डॉक्टरेट दिली. 'छत्रपती' तर गादीबरोबरच आले. तरी वेदोक्त प्रकरणात भटशाहीने त्यांना शूद्रच ठरवले! १९०२ साली याच राजाने मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या. 'राजर्षी' ही पदवी १९१९ साली कानपूरला कुर्मी समाजाने दिली. ती ना सरकारची, ना घराण्याची, ती लोकांची. आमच्या लेखी तिचे मोल म्हणूनच अधिक.

पण 'र'खाली नोंद करून भागत नाही, आणि नुसते 'शाहू' लिहिले तर साताऱ्याच्या शाहूंशी (१६८२–१७४९) गल्लत होते. म्हणून आम्ही म्हणतो, मथळा 'शाहू, राजर्षी (कोल्हापूर, १८७४–१९२२)' असा द्या. 'छत्रपती', 'राजर्षी' आणि 'घाटगे, यशवंतराव' या ठिकाणी 'पाहा : शाहू' एवढे लिहा. साहेबांच्या पदव्या मजकुरात येऊ द्या, मथळ्यात नकोत. अहिल्यादेवींची नोंद 'होळकर'खाली करा. 'पुण्यश्लोक'पाशी निर्देश पुरे.