सेऊलमध्ये खुर्ची बदलते, तेव्हा कारेगावात काय हलतं?

पुणे–अहिल्यानगर रस्त्याने रांजणगावच्या महागणपतीला हात जोडून शिरूरच्या दिशेने पुढे निघालं, की थोड्याच वेळात कारेगाव लागतं. पुण्यापासून हे अंतर साधारण पन्नास किलोमीटर. रांजणगाव एमआयडीसी या गावाला खेटून आहे. एलजी, व्हर्लपूल, हायर, फियाट, जेबिल अशा कंपन्यांचे कारखाने या पट्ट्यात आहेत. पाळी सुटली की कामगारांच्या बसगाड्या रस्त्याला लागतात आणि मेस, टपऱ्या, किराणा दुकानं भरून जातात. मराठवाडा-विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली तरुण मुलं इथे खोल्या भाड्याने घेऊन राहतात. गावातली कित्येक घरं आज शेतीइतकीच या भाड्यावर चालतात.

या सगळ्यांचं पोट ज्या निर्णयांवर अवलंबून आहे, ते मात्र कारेगावात होत नाहीत. ते सेऊल, मिशिगन, ट्युरिन आणि चिंगदाओमध्ये होतात. तिथल्या मोठ्या खुर्च्यांवर माणसं बदलल्याच्या बातम्या आपल्याकडे अर्थविषयक पानाच्या कोपऱ्यात छापून येतात आणि कारेगावचा वाचक त्या ओलांडून पुढे जातो. माझ्या मते त्या बातम्या सर्वांत आधी वाचायला हव्यात त्या याच गावाने. त्या कशा वाचायच्या, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. उदाहरण घेतलं आहे ते एलजी इलेक्ट्रॉनिक्सचं, कारण तिच्या नेतृत्वबदलांचा पट लांबलचक आहे आणि उघड आहे.

घंटा वाजली, आणि सहा आठवड्यांत...

14 ऑक्टोबर 2025 रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात एलजी इलेक्ट्रॉनिक्स इंडियाच्या शेअरची नोंदणी झाली. त्यासाठी मूळ कोरियन कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी विल्यम चो जातीने मुंबईत आले होते. 1,140 रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी सुमारे दीडपट भावाने उघडला. 11,607 कोटींच्या या विक्रीला पन्नास पटींहून जास्त मागणी आली. बाजारभावाने भारतातली ही उपकंपनी सेऊलच्या आपल्या मूळ कंपनीपेक्षाही मोठी ठरली. एखाद्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत याहून मोठा दिवस क्वचितच येतो.

नोव्हेंबरच्या अखेरीस एलजीने वरिष्ठ नेमणुका जाहीर केल्या आणि विल्यम चो पायउतार झाले. त्यांच्या जागी घरगुती उपकरणांचा विभाग सांभाळणारे ल्यू जे-चोल आले. यात भांडण नव्हतं आणि घोटाळाही नव्हता. कोरियन उद्योगसमूहांची ही रीतच आहे.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा

कोरियात कंपन्यांचं आर्थिक वर्ष 31 डिसेंबरला संपतं. त्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, एलजी समूहाचे अध्यक्ष कू क्वांग-मो एकेका कंपनीच्या प्रमुखांकडून वर्षाचा हिशेब आणि पुढची आखणी ऐकून घेतात. मग नोव्हेंबरच्या अखेरीस संचालक मंडळांच्या बैठका होतात आणि बढत्या, बदल्या, निवृत्त्या यांची यादी एकदमच बाहेर पडते. नवा प्रमुख डिसेंबरात सूत्रं हाती घेतो, म्हणजे जानेवारीपासूनचं वर्ष त्याच्या आखणीने सुरू होतं. भागधारकांची रीतसर मान्यता मार्चच्या सभेत मिळते.

आपल्याकडे वर्ष एप्रिलला सुरू होतं. शिवाय एसी आणि फ्रिजची खरी धावपळ उन्हाळ्याच्या तोंडावर, जानेवारी ते मे या काळात असते. म्हणजे वरची खुर्ची बदलते ती नेमकी आपल्याकडे हंगामाची तयारी चालू असताना. त्यामुळे त्या वर्षीच्या हंगामावर नव्या माणसाची छाप फारशी पडत नाही. मॉडेल ठरलेली असतात, सुट्या भागांच्या ऑर्डरी गेलेल्या असतात. छाप दिसायला वर्ष-दीड वर्ष लागतं. “साहेब बदलले, आता आपलं काय?” ही धास्ती म्हणूनच बहुतेक वेळा अवेळी असते, आणि “काहीच झालं नाही” हा दिलासाही तितकाच अवेळी असतो.

माणूस कुठल्या विभागातून वर आला?

गेल्या दोन दशकांत एलजीच्या मुख्य खुर्चीवर कोण कोण बसलं, ते क्रमाने पाहू.

2007 मध्ये आलेले नाम योंग दूरसंचार कंपनी चालवून आले होते. त्यांचा भर विपणनावर आणि व्यवस्थापनाच्या नव्या पद्धतींवर होता. वरिष्ठ पदांवर त्यांनी परदेशी अधिकारी नेमले. पण स्मार्टफोनची लाट ओळखायला कंपनीला उशीर झाला, तोट्याची चिन्हं दिसू लागली आणि सप्टेंबर 2010 मध्ये नाम योंग यांनी राजीनामा दिला. तेव्हाच्या अध्यक्षांचे बंधू कू बॉन-जून यांनी ऑक्टोबरात कारभार हाती घेतला. तंत्र आणि उत्पादन पुन्हा केंद्रस्थानी आलं, परदेशी अधिकारी निघून गेले.

2016 च्या डिसेंबरात जो सोंग-जिन यांची निवड झाली. कारेगावच्या प्रत्येक आयटीआयवाल्या मुलाला हे नाव माहीत असायला हवं. तांत्रिक शाळेतून बाहेर पडून 1976 मध्ये ते या कंपनीत, म्हणजे तेव्हाच्या गोल्डस्टारमध्ये, कामाला लागले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. कोरियात वॉशिंग मशीन फार थोड्या घरांत होती, तेव्हा त्यांनी ते काम धरलं आणि आयुष्यभर सोडलं नाही. 1998 मध्ये त्यांच्या चमूने डायरेक्ट ड्राइव्ह मोटर आणली. जुन्या यंत्रात मोटर एकीकडे, ड्रम दुसरीकडे आणि मधे पट्टा असे. पट्टा घासतो, सैल पडतो, आवाज करतो. नव्या रचनेत मोटर थेट ड्रमच्या आसालाच जोडली. पट्टा आणि पुली गेली, हादरे कमी झाले, वीज वाचली. पदवी नसलेला माणूस चाळीस वर्षांनी त्या बलाढ्य कंपनीचा प्रमुख झाला, तो या कारागिरीच्या बळावर.

2019 च्या अखेरीस क्वॉन बाँग-सोक आले. ते टीव्हीच्या विभागातून वर आले होते. त्यांच्याच काळात, एप्रिल 2021 मध्ये, एलजीने मोबाइल फोनचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. सलग 23 तिमाह्या तोटा झाला होता आणि त्याची बेरीज सुमारे साडेचार अब्ज डॉलरवर गेली होती. त्याच वर्षाच्या शेवटी विल्यम चो आले. परदेशी बाजारपेठांत काम करून आलेल्या चो यांच्या काळात भारताचं वजन वाढलं आणि शेअरविक्रीही झाली. आता ल्यू जे-चोल आहेत. 1989 मध्ये ते संशोधक म्हणून कंपनीत आले, फ्रिज-वॉशिंग मशीनच्या दुनियेत मुरले. कारेगावच्या शेजारी बनतं ते याच दुनियेचं सामान.

यातून एक सूत्र हाती लागतं. नेमणुकीच्या बातमीत वय, पगार, शिक्षण यांपेक्षा महत्त्वाचं असतं ते हे, की हा माणूस कुठलं उत्पादन हाताळत वर आला. पुढच्या गुंतवणुकीचा ओढा बहुधा तिकडे असतो.

वरचा निर्णय लाइनवर कसा उतरतो

एलजीने भारतात 1997 मध्ये पाऊल ठेवलं. नोएडानंतर दुसरा कारखाना रांजणगावात 2004 मध्ये सुरू झाला. इथे फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, टीव्ही बनतात. 2023 मध्ये कंपनीने सुमारे 200 कोटी रुपये घालून दोन दारांच्या मोठ्या, म्हणजे साइड-बाय-साइड फ्रिजची लाइन इथे बसवली.

एखादं नवं मॉडेल म्हणजे नुसतं नवं चित्र नसतं. फ्रिजचा आतला पांढरा साचा प्लास्टिकचा पत्रा तापवून, हवा ओढून घडवतात. माप बदललं की तो मोल्ड बदलावा लागतो. आतला साचा आणि बाहेरचा पत्रा यांच्यामधल्या पोकळीत फोम सोडतात. तो फुगून घट्ट बसेपर्यंत कॅबिनेट ज्या जिगमध्ये धरून ठेवतात, ती जिगही नव्या मापाची लागते. पुढे गॅस भरणं, गळती तपासणं, प्रत्येक ठाण्यावर कामाची वाटणी पुन्हा बसवणं हे सगळं येतं. दार, ट्रे, वायरिंग पुरवणाऱ्या आसपासच्या व्हेंडरांनाही नवी डाय करावी लागते. सेऊलमध्ये ठरलेलं वाक्य कारेगावात येतं ते या रूपाने: काही कामं वाढतात, काही जातात, आणि नवी जिग हाताळता येणाऱ्याला मागणी येते.

2024 च्या अखेरीस एलजीने जगभरच्या कारभाराची फेरमांडणी केली. घरगुती उपकरणं, टीव्ही व करमणूक, वाहनांचे भाग आणि एसी-वातानुकूलन अशा चार शाखा झाल्या. एसी आता फ्रिजच्या शाखेत नाही, स्वतंत्र आहे. एका भिंतीआड बनणाऱ्या वस्तूंचं भवितव्य त्यामुळे निरनिराळ्या प्रमुखांच्या टेबलांवर ठरतं.

भारतातल्या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक आजवर कोरियनच राहिले आहेत. पहिले के. आर. किम सुमारे दशकभर होते. पुढचे बहुतेक तीन-चार वर्षांनी बदलले. 2023 पासून हाँग जू जिऑन ही जबाबदारी सांभाळत आहेत. शेअर बाजारात आल्यामुळे मात्र एक फरक पडला. आता वरिष्ठ पदावरचा प्रत्येक बदल कंपनीला शेअर बाजाराला कळवावा लागतो. जी माहिती पूर्वी साहेबांच्या केबिनमध्ये राहायची, ती आता कामगारालाही मोबाइलवर वाचता येते. त्याच शेअरविक्रीचे सगळे पैसे मूळ कंपनीकडे गेले, भारतातल्या कारखान्यांच्या खात्यात त्यातून काही आलं नाही, हेही ध्यानात ठेवावं. आणि तिसरा कारखाना कंपनी आंध्र प्रदेशात श्रीसिटीला, सुमारे 5,000 कोटी खर्चून उभारते आहे.

शेजारच्या कुंपणाआड

शेजारी पाहिलं तरी हेच. फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यातून 1.3 लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन निघालं. ते टाटांच्या गाड्यांत बसलं, काही काळ मारुतीच्याही. 2017 पासून जीप कंपास इथे बनू लागली आणि परदेशी गेली. 2021 मध्ये फियाटची मूळ कंपनी विलीन होऊन स्टेलांटिस झाली. डिसेंबर 2024 मध्ये तिचे प्रमुख कार्लोस तावारेस तडकाफडकी गेले आणि जून 2025 मध्ये अँतोनिओ फिलोसा आले. त्या डिझेल इंजिनाचा भारतातला काळ मात्र कोणा प्रमुखाने संपवला नाही; एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषणमानक लागू झालं, त्याने संपवला. म्हणून खुर्चीबरोबर सरकारी नियमांवरही नजर हवी.

व्हर्लपूलच्या अमेरिकी मालकाने फेब्रुवारी 2024 मध्ये 24 टक्के हिस्सा विकला आणि भारतीय कंपनीतली मालकी 75 वरून 51 टक्क्यांवर आणली. हायर इंडियात 49 टक्के भागीदारी घेत असल्याचं भारती समूह आणि वॉरबर्ग पिंकस यांनी डिसेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. माणूस तोच राहून मालक बदलणं हा खुर्चीबदलापेक्षाही खोलवरचा बदल असतो, आणि त्याची बातमी त्याहून लहान छापली जाते.

कारेगावाने काय करावं

वरची माणसं बदलत राहणार. ते थोपवणं कोणाच्या हाती नाही, आणि त्याची भीती बाळगण्याचंही कारण नाही. ज्या गावात एकच कंपनी असते, त्याने घाबरावं. रांजणगावात तशी स्थिती नाही. केंद्र सरकारने 2022 मध्ये इथे 492 कोटींहून अधिक खर्चाच्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन संकुलाला मंजुरी दिली आहे. एका कुंपणाआड काम घटलं, तर दुसऱ्या कुंपणाआड ते मिळू शकतं. पण ते मिळेल कोणाला? ज्याच्या हातात कुठेही चालेल असं कसब आहे, त्याला. फक्त एका लाइनवर एकच स्क्रू पिळायला शिकलेल्या कंत्राटी मुलाला नव्हे.

म्हणून ग्रामपंचायतीने कंपन्यांकडे सामाजिक निधी मागताना कमानी आणि बाकड्यांआधी प्रशिक्षणाची मागणी करावी: मोल्ड दुरुस्ती, गॅस चार्जिंग, पीएलसी, रोबोटची देखभाल. खोल्यांच्या भाड्यावर कर्ज काढून मजले चढवणाऱ्या घरमालकांनी मालकी आणि उत्पादन यांच्या बातम्या आधी वाचाव्यात. आणि लाइनवर उभ्या असलेल्या मुला-मुलींनी शिकलेल्या प्रत्येक कामाचं प्रमाणपत्र मागून घ्यावं, ते जपून ठेवावं. दर वर्षी नोव्हेंबर संपताना सेऊलमधून नावांची यादी बाहेर पडते. या वर्षी ती वाचा, नव्या माणसाने आयुष्यभर काय बनवलं ते शोधा, आणि पुढच्या दोन वर्षांत स्वतः काय शिकायचं ते त्यावरून ठरवा.