आहेराच्या साड्या: एक क्विंटल कापूस विकून घरात 24 किलो प्लास्टिक

लग्नसराई सुरू झाली की तालुक्याच्या गावातल्या कापड दुकानांत साड्यांचे वेगळे गठ्ठे बाहेर निघतात. दुकानदार त्यांना ‘देण्याघेण्याच्या साड्या’ म्हणतात. गिऱ्हाईकही पोत बघत नाही, रंग बघत नाही, डझनावर मोजून घेतं. ही साडी नेसायला म्हणून कुणी विकत घेत नाही आणि जिला मिळते तीही बहुतेक वेळा नेसत नाही. ती पेटीत जाते, पुढच्या लग्नात दुसऱ्या घरी जाते. फिरत फिरत आपलीच साडी आपल्या घरी परत आल्याचे किस्से तर गावोगाव ऐकायला मिळतात.

किस्सा म्हणून ठीक आहे, पण हिशोब करून बघा. एका लग्नात 150 रुपयांच्या 60 साड्या वाटल्या, तर झाले 9 हजार रुपये. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. म्हणजे एक क्विंटल कापूस वेचून, गाडीत भरून, रांगेत उभं राहून विकला तरी या साड्यांचे पैसे पुरत नाहीत. आणि घेतलेल्या साड्यांत कापूस नावालाही नसतो.

मग त्यात असतं काय? पॉलिस्टर. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची, त्याच प्लास्टिकचा हा धागा. तो खनिज तेलापासून बनतो. एक साडी 400 ग्रॅमची धरली तर 60 साड्यांचं 24 किलो प्लास्टिक होतं. कॅरीबॅगवर बंदी आली तेव्हा गावात चर्चा झाली, पण पेटीतल्या या प्लास्टिककडे कुणाचं लक्ष नाही.

कापड ओळखायचं कसं?

दुकानातल्या नावांवर जाऊ नका. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे रेशीम नव्हे, ते कृत्रिम धाग्याचं कापड असतं. ‘कॉटन मिक्स’ म्हटलं तर त्यात कापूस किती, हे विचारा. घरी आणलेल्या साडीची परीक्षा सोपी आहे. काठाचा एखादा सुटा धागा चिमट्यात धरून काडीने पेटवा (लेकरं जवळ नकोत). सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिस्टर आधी वितळतं, आक्रसतं आणि टोकाला काळा कडक मणी तयार होतो. दोन्ही मिसळलेलं असेल तर थोडी राख आणि थोडा खडा.

ही परीक्षा चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या जिवाशीही जोडलेली आहे. सुती कापडही पेट घेतं, पण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं आणि भाजल्याची जखम खोल जाते. स्वयंपाक चुलीवर होत असेल तर तिथे अंगावर सुतीच कपडे हवेत आणि पदर खोचलेला हवा. उन्हात निंदणी-वेचणीला जाताना घाम टिपायलाही सुतीच बरं.

सुती म्हटलं म्हणजे सगळं शुद्ध, असंही समजू नका. कपाशीला फवारणी लागते आणि त्या फवारणीने 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अनेक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. एवढी किंमत मोजून आलेला कपडा चार धुण्यांत टाकून देण्यासारखा नसतो. दोन कमी घ्या, पण पोत बघून घ्या. शिवण उसवली तर त्याच दिवशी टाका घाला.

घरात आहेत त्यांचं काय?

जाळू नका, एवढं आधी. पॉलिस्टर जाळणं म्हणजे अंगणात प्लास्टिक जाळणंच. काळा धूर पहिल्यांदा घरातल्याच माणसांच्या छातीत जातो. नव्या कोऱ्या साड्या असतील तर जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका त्या घेतात. गोधडीला वरून पॉलिस्टर चालतं, आतले थर मात्र जुन्या सुती लुगड्यांचे-धोतरांचेच घाला, घाम तेच शोषतं.

रानडुकरं आणि रोही आत येऊ नयेत म्हणून शेताभोवती जुन्या साड्या बांधायची पद्धत आता सगळीकडे दिसते. हा वापर वाईट नाही. घोटाळा नंतर होतो. पीक निघतं, साड्या तशाच राहतात. उन्हाने विरतात, काटेरी झुडपांवर चिंध्या होतात आणि धागे तुटून मातीत मिसळतात. सुती चिंधी मातीत कुजते, हे धागे वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. नांगराच्या फाळाला गुंडाळलेली साडी सोडवत बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून पीक निघालं की आठवडाभरात साड्या सोडून, गुंडाळून गोठ्यात ठेवायच्या. त्याच पुढच्या हंगामात कामाला येतात.

आहेर द्यायचाच असेल तर

रीत एकदम मोडणं कुणालाच सोपं नसतं. व्याह्यांकडचा मान राखावा लागतो, नाहीतर वर्षभर टोमणे. पण साठ जणींना साठ साड्या देण्यापेक्षा जवळच्या दहा-बारा जणींना नेसता येईल अशी सुती साडी द्या आणि बाकीच्यांना सुती टॉवेल. सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. वापरात येते म्हणून चादर पेटीत पडून राहत नाही. पुरुषांच्या टॉवेल-टोपीतही तेच, टॉवेल हातात धरून बघा, पाणी टिपेल असा आहे का.

‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ आता अनेक पत्रिकांवर असते, पण पाहुणे ती वाचून सोडून देतात. कारण यजमान स्वतः मांडवात साड्यांचा गठ्ठा सोडून बसलेला असतो. दोन्हीकडच्या मंडळींनी सुपारीच्या बैठकीतच ‘घेणार नाही, देणारही नाही’ असं ठरवलं तर ओळीला वजन येतं. हे पत्रिका छापायला जाण्याआधी व्हायला हवं. साड्यांची खरेदी झाल्यावर दुकानदार गठ्ठा परत घेत नाही.