अडगळींतला डबा आणि गिटारचें पेडल



विजेवर वाजणारी गिटार जो वादक वाजवितो, त्याच्या पायांपाशीं बहुधा एक-दोन लहान पेट्या मांडलेल्या दिसतात. वादक मधूनच त्यांपैकीं एकीवरची कळ पायानें दाबतो, आणि ज्या तारा क्षणापूर्वीं स्वच्छ वाजत होत्या त्याच आतां घोगऱ्या, करकरीत किंवा लांबवर घुमणाऱ्या स्वरांत बोलूं लागतात. या पेट्यांना वादक मंडळी पेडल म्हणतात. आजच्या भाषणाचा विषय पेडलांतील विद्युत्-मंडल हा नसून, त्या मंडलाला घर देणारी पेटी हा आहे. ती पेटी बाजारांतून विकत न आणतां घरच्या अडगळींतून कशी सिद्ध करावी, हें मी आपणांस सांगणार आहें.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु साधें पेडल घरीं बनवूं पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा हिशेब पाहा. एक-दोन ट्रॅन्झिस्टर, पांच-सात रोधक आणि तीन-चार कंडेन्सर एवढ्यावर त्याचें काम भागतें, व या वस्तु स्वस्त मिळतात. ओतीव ॲल्युमिनियमची तयार पेटी मात्र या सर्वांच्या एकत्र किंमतीहूनहि पुष्कळदां महाग पडते. मग पेटी पुढच्या महिन्यांत आणूं असें म्हणत तो थांबतो. मंडल टेबलावर उघडेंच पडून राहतें. एखादी तार निखळते, आणि मोठ्या हौसेनें आरंभिलेलें काम टेबलाच्या खणांत जाऊन पडतें. एका पेटीवांचून विद्या अर्धवट राहावी, ही गोष्ट निश्चितच क्षुल्लक नाहीं.

या कलेचा इतिहास पाहिला तर तिचा जन्मच मुळीं अनपेक्षित वस्तूंतून झालेला आहे. अमेरिकेंतील नॅशव्हिल शहरीं इ. स. १९६१ च्या सुमारास मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गीताचें ध्वनिमुद्रण चाललें असतां, यंत्रांतील एका बिघाडामुळें ग्रेडी मार्टिन या वादकाचा स्वर फाटून घोगरा उमटला. तो स्वर लोकांना आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनीं तसाच स्वर मुद्दाम काढणारें ट्रॅन्झिस्टरचें मंडल रचविलें, आणि इ. स. १९६२ मध्यें गिब्सन कंपनीनें तें 'माएस्ट्रो फझ-टोन' या नांवानें विक्रीस आणलें. पुढें इ. स. १९६५ मध्यें 'रोलिंग स्टोन्स' या मंडळीच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यानें तें जगभर गाजलें.

आतां पेटीची गोष्ट घ्या. इ. स. १९६६ मध्यें लंडनच्या आयव्हर आर्बिटर यांनीं 'फझ फेस' नांवाचें पेडल काढलें. जिमी हेन्ड्रिक्स या वादकानें त्याला अमर करून ठेवलें आहे. त्याची पेटी थाळीसारखी वाटोळी आहे. हा आकार आर्बिटर यांना सुचला तो ध्वनिग्राहकाच्या उभ्या दांड्याखालीं जी जड वाटोळी बैठक असते, तिच्यावरून! दुसरें उदाहरण 'क्वीन' या इंग्रज वाद्यवृंदाचें. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणीं आपल्या पांचगणीच्या शाळेंत शिकलेला होता, म्हणून तें नांव आपणांस परकें वाटूं नये. त्याच वृंदांतील जॉन डीकन यांना इ. स. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत कचऱ्यांत टाकलेली एक विद्युत्-मंडलाची पट्टी सांपडली. ती त्यांनीं पुस्तकांच्या फळीवर ठेवण्याजोग्या लहान लाउडस्पीकरच्या खोक्यांत बसविली. हें कांहीं पेडल नव्हे, आवाज वाढविणारें यंत्र होतें, आणि त्याला लहान-मोठा आवाज करण्याची कळहि नव्हती. तरीहि ब्रायन मे या वादकानें त्याच खोक्यांतून एकट्या गिटारवर अख्ख्या वाद्यवृंदाचा भास होईल असे स्वर काढले.

तेव्हां अडगळ ही लाजण्याची वस्तु नव्हे. मात्र कोणताहि डबा उचलून चालत नाहीं. पेडलाच्या पेटीला तीन कर्तव्यें असतात, व जो डबा तीं पार पाडील तोच निवडावा.

पहिलें कर्तव्य आडोशाचें. गिटारच्या तारांखालच्या वेटोळ्यांत उत्पन्न होणारा विद्युत्-दाब फार थोडा, सुमारें एक दशांश व्होल्ट किंवा त्याहून कांहीसा अधिक असतो. घोगरा स्वर काढणारें मंडल तो शेंकडों पटींनीं वाढवितें. आपल्या घराच्या भिंतींतून फिरणारी वीज सेकंदास १०० वेळां दिशा बदलते, आणि तिचें विद्युत्-क्षेत्र सर्वत्र पसरलेलें असतें. मंडल उघडें असेल तर हें क्षेत्रहि त्याच्या तारांत शिरतें व स्वराबरोबर वाढून भुंग्यासारखें गुणगुणूं लागतें. यावरचा उपाय मायकेल फॅरडे यांनीं इ. स. १८३६ मध्येंच दाखवून दिला होता. धातूनें सर्व बाजूंनीं वेढलेल्या जागेंत बाहेरच्या विद्युत्-क्षेत्राचा शिरकाव होत नाहीं. म्हणून पेडलाची पेटी धातूची असावी, व ती मंडलाच्या ऋण टोंकाला, म्हणजे वादकांच्या भाषेंत ग्राउंडला, जोडलेली असावी. जोडलेली नसेल तर धातूच्या पेटीचा हा लाभ मिळत नाहीं. एवढें मात्र ध्यानांत ठेवावें कीं, जवळच्या ट्रान्सफॉर्मरचें चुंबकीय क्षेत्र पातळ पत्र्यानें अडत नाहीं. त्याच्यापासून पेडल दूर ठेवणें हाच तेथें उपाय.

दुसरें कर्तव्य बळाचें. ही पेटी हातानें नव्हे, पायानें वापरावयाची असते. वाजविण्याच्या भरांत असलेला वादक हलकेंच पाऊल टाकील अशी अपेक्षा करूं नये.

तिसरें कर्तव्य जागेचें. बाजारी पेट्यांपैकीं एक प्रचलित आकार सुमारें ११२ × ६० × ३१ मि. मी. असतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी सुमारें ४८ × २६ × १७ मि. मी. जागा व्यापते, आणि पायाची कळ पत्र्याच्या आंत सुमारें २ सेंटिमीटर उतरते. याहून उथळ डबा कितीहि सुंदर असला तरी निरुपयोगी समजावा.

या कसोट्या घेऊन आतां माळ्यावर चढूं या. अमेरिकेंत या कामीं पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी फार लोकप्रिय आहे. 'अल्टॉइड्स' नांवाच्या गोळ्यांची डबी सुमारें ९५ × ६० × २१ मि. मी. असते. तींत एका ट्रॅन्झिस्टरचें साधें मंडल मावतें, पण बॅटरीहि बसवावयाची तर फार दाटी होते. आपल्याकडे बिस्किटांचा किंवा चहाचा डबा, शाळकरी मुलांची पत्र्याची कंपासपेटी अशा वस्तु घरोघर असतात. हा पत्रा म्हणजे बहुधा कथलाचा मुलामा दिलेलें पोलाद. त्याला मोठा गुण असा कीं, रंग खरवडला कीं त्यावर डाख सहज बसतो, व ग्राउंडची तार थेट डब्याला जोडतां येते. पितळी डबी याहूनहि सोयीची, कारण पितळेला भोंकहि सुबक पडतें व डाखहि चांगला धरतो. ॲल्युमिनियम कापावयास मऊ खरें, पण त्यावर साधा डाख धरत नाहीं. तेथें तार स्क्रूखालीं दाबून बसवावी. स्टेनलेस स्टीलचा जेवणाचा डबा पाहून मोह होईल, पण ती धातु घर्षणानें अधिकच कठीण होते. तिला भोंक पाडावयाचें तर गति मंद, दाब भक्कम आणि तेलाचा थेंब सतत हवा. लांकडी किंवा प्लॅस्टिकची पेटीहि चालेल, मात्र तिला आंतून ॲल्युमिनियमची वर्खी किंवा तांब्याची चिकटपट्टी लावावी, सर्व तुकडे एकमेकांस विद्युत्-दृष्ट्या जोडलेले असावेत, आणि शेवटीं तें अस्तर ग्राउंडला जोडावें.

आतां कृति. बिजागरीचें झांकण असलेला डबा घेतला असेल तर तो उपडा करावा. त्याचा तळ हा पेडलाचा माथा होईल, व झांकण खालीं येऊन बॅटरी बदलण्याचें दार होईल. सर्व भाग हातीं येईपर्यंत एकहि भोंक पाडूं नये. कागदावर डब्याचा आकार काढून त्यावर कळ, गुंड्या, जॅक व बॅटरी मांडून पाहावी, आणि झांकण मिटल्यावर कोणताहि भाग दुसऱ्यास भिडत नाहीं याची खात्री करावी. मग तो कागद डब्यावर चिकटवून, भोंकांच्या मध्यबिंदूंवर टोंकदार पंचानें हलकी खूण करावी. पातळ पत्रा ड्रिलखालीं वांकतो व फाटतो. म्हणून आंतून लांकडाचा ठोकळा दाटून बसवावा व डबा शेगड्यांत, कापडाच्या घडींत धरावा. आरंभ ३ मि. मी. च्या भोंकापासून करून तें क्रमाक्रमानें मोठें करावें. सामान्यतः पायाच्या कळीस १२, जॅकला सुमारें १०, गुंडीच्या पोटेन्शिओमीटरला ७ व दिव्याला ५ मि. मी. चें भोंक लागतें. तरी प्रत्यक्ष हातांतला भाग मोजूनच ठरवावें. कांठ कानशीनें गुळगुळीत करावे; पत्र्याची धार बोटाला तशीच तारेच्या आवरणालाहि कापते.

पत्र्याच्या डब्याला बळ द्यावयाचें तर माथ्याच्या आंतल्या बाजूस २ मि. मी. जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी बसवून कळ तिच्यासकट आवळावी. शिवाय कळीच्या दोहों बाजूंस डब्याच्या उंचीइतके लांकडाचे ठोकळे बसवावेत, म्हणजे पायाचा भार पत्र्यावर न राहतां थेट जमिनीवर उतरतो. मंडलाच्या पट्टीखालीं जाड पुठ्ठा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा घालावा, नाहीं तर तिचे डाख धातूला टेकून सारें मंडल मुकें होईल.

येथें एका सूक्ष्म गोष्टीकडे लक्ष वेधतों. बाहेरून वीज घेण्याची जी खोबण पेडलाला असते, तिच्या मधल्या टोंकाला ऋण व बाहेरच्या कड्याला धन जोडण्याचा प्रघात सर्वत्र रूढ आहे. पेटी तर ऋणाला जोडलेली. अशा स्थितींत खोबण धातूच्या अंगाची असेल तर धन आणि ऋण पेटीच्या द्वारें परस्परांस भिडतील. म्हणून ही खोबण प्लॅस्टिकच्या अंगाचीच घ्यावी. सर्व जोडणी झाल्यावर मीटरचें एक टोंक जॅकच्या बाहेरील धातूस व दुसरें डब्याच्या खरवडलेल्या जागेस लावावें. रोध जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. झांकणाचीहि अशीच वेगळी परीक्षा घ्यावी, कारण रंगलेली बिजागरी वीज नीट वाहूं देत नाहीं. तेथें एक लवचिक तार जोडून द्यावी.

आतां कांहीं इशारे, आणि हे हौसेहून महत्त्वाचे आहेत. घरच्या भिंतींतील वीज या डब्यांत कधींहि आणूं नये. ९ व्होल्टची बॅटरी किंवा चांगल्या बनावटीचा, डब्याबाहेर राहणारा तयार ॲडॅप्टर एवढ्यावरच काम भागवावें. वादकाचा पाय पेटीवर असतो आणि बोटें धातूच्या तारांवर, व त्या तारा त्याच पेटीला जोडलेल्या असतात. त्या मार्गानें भिंतींतील वीज आली तर ती त्याच्या देहांतूनच जाईल. बिघडलेल्या संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश पेटीच्या लोभानें उघडूं नये. त्यांतील कंडेन्सर तार काढून ठेवल्यावरहि प्राणघातक दाब धरून बसलेले असूं शकतात. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, आणि जुन्या बेकलाइटमध्यें क्वचित् ॲस्बेस्टॉसहि मिसळलेलें असे. अशा वस्तु घासूं नयेत व कापूं नयेत. ड्रिल चालवितांना डोळ्यांवर चष्मा असावा. आणि एकदां डाख दिलेल्या डब्यांत पुन्हां खाद्य पदार्थ ठेवूं नयेत.

आणखी एक गोष्ट. अडगळ कशाला म्हणावें, हें घरांतील वडीलधाऱ्या माणसांना विचारूनच ठरवावें. ज्या पितळी डब्याला आपण सहा भोंकें पाडूं निघालों, तो आजीबाईंचा पानाचा डबा असूं शकतो. वस्तूला नवें आयुष्य देतांना तिचें जुनें आयुष्य खरोखर संपलें आहे ना, एवढें पाहणें आपलें कर्तव्य आहे.

बाजारी पेटी अधिक टिकाऊ व अधिक नेटकी असते, हें मी नाकारीत नाहीं. ज्याला गांवोगांव कार्यक्रम करावयाचे त्यानें ती अवश्य घ्यावी. परंतु ज्याला शिकावयाचें आहे, त्याला डबा अधिक शिकवितो. आडोसा म्हणजे काय, ग्राउंड कशाला म्हणतात, भार कोठें पडतो व कोठें उतरवावा, हें तयार पेटी मुकाट्यानें करून टाकते. डब्यांत तें आपणांस स्वतः करावें लागतें, आणि म्हणूनच तें समजतें. तेव्हां ज्यांचीं मंडलें पेटीवांचून खणांत पडलीं असतील त्यांनीं तीं बाहेर काढावींत, माळ्यावरचा एखादा बुडाचा जाड, पुरेसा खोल डबा पुसून घ्यावा, आणि प्रथम कागद व पट्टी हातीं घ्यावी. ड्रिलला घाई नाहीं.