परसातील वटवाघूळपेटी : डासांवर उतारा नव्हे, हरवलेल्या निवाऱ्याची भरपाई

अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या गेन्सव्हिल येथील आवारात १९८७ मध्ये जॉन्सन हॉल ही इमारत आगीत जळाली आणि तेथे राहणारी वटवाघळे बेघर झाली. त्यांनी विद्यापीठाच्या क्रीडासंकुलाचा आसरा घेतला. विष्ठा आणि दुर्गंधी यांमुळे प्रेक्षक त्रस्त झाले, तेव्हा विद्यापीठाने त्यांना मारण्याऐवजी १९९१ मध्ये उंच खांबांवर एक स्वतंत्र लाकडी घर उभारले. वटवाघळांना तेथे नेण्यातही आले; पण ती टिकली नाहीत आणि पुढील सुमारे तीन वर्षे घर रिकामेच राहिले. नंतर ती आपणहून आली. आज तेथे लाखो वटवाघळांची वस्ती आहे.

घराच्या परसात भिंतीवर किंवा खांबावर बसवली जाणारी लहानशी वटवाघूळपेटी याच तत्त्वावर चालते. जुनी झाडे, कौलारू छपरे आणि वाड्यांच्या आढ्यांतील फटी नाहीशा होत असताना अशा फटींत राहणाऱ्या कीटकभक्षी वटवाघळांना पर्यायी निवारा देणे, एवढाच तिचा हेतू असतो.

शेतीला आणि आरोग्याला लाभ

कीटकभक्षी वटवाघळे रात्री पतंग, भुंगेरे, तुडतुडे असे कीटक खातात. त्यांपैकी अनेक पिकांवरील कीड असतात. वटवाघळांमुळे अमेरिकी शेतीचा वर्षाला ३७० कोटी ते ५,३०० कोटी डॉलर इतका खर्च वाचत असावा, असा अंदाज ‘सायन्स’ या नियतकालिकात २०११ मध्ये मांडण्यात आला होता.

ही सेवा खंडित झाली तर काय होते, हेही अमेरिकेतच दिसून आले. वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी वाढवणारा रोग तेथे २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात प्रथम आढळला आणि त्यात लक्षावधी वटवाघळे मेली. अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक यांच्या २०२४ मधील अभ्यासानुसार, रोगग्रस्त काउंट्यांतील शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढवला आणि त्या भागांतील बालमृत्यूंचे प्रमाणही सुमारे ८ टक्क्यांनी वाढले.

उलट बाजूचे उदाहरण स्पेनमधील एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशातील आहे. तेथील भातशेतीत खोडकिडीचा उपद्रव होता. शेतांजवळ पेट्या बसवल्यानंतर वटवाघळांची संख्या वाढली आणि प्रायोगिक क्षेत्रात फवारणीची गरज भासणार नाही इतके किडीचे प्रमाण घटले, असे संशोधकांना आढळले. भातावरील खोडकीड भारतीय शेतकऱ्यांच्याही चांगल्या परिचयाची असल्याने हा अनुभव येथे लक्षात घेण्याजोगा आहे.

डासांविषयीचा गैरसमज

पेटी लावली की डास संपतात, हा दावा मात्र जपून स्वीकारायला हवा. एक वटवाघूळ तासाला शेकडो डास फस्त करते, हा वारंवार सांगितला जाणारा आकडा बंदिस्त खोलीतील प्रयोगांवरून काढलेला आहे. मोकळ्या आकाशात वटवाघूळ मिळेल तो कीटक टिपते आणि डास हा त्यातील एक भाग असतो. शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डास प्रामुख्याने दिवसा चावतो, तर वटवाघूळ अंधार पडल्यावर बाहेर पडते. फ्लोरिडातील शुगरलोफ की या बेटावर रिक्टर पर्की या व्यावसायिकाने १९२९ मध्ये डासांच्या बंदोबस्तासाठी वटवाघळांचा मनोरा उभारला होता. तेथे वटवाघळे वस्तीला राहिलीच नाहीत. तो मनोरा २०१७ च्या चक्रीवादळात कोसळला.

पेटी कशी असावी

पेटी साधारण ६० सेंटिमीटर उंच आणि ३५ सेंटिमीटर रुंद असावी. आतील कप्प्यांची फट सुमारे दोन सेंटिमीटरच ठेवावी, कारण अंग चेपून बसता येईल अशी जागा वटवाघळांना सुरक्षित वाटते. चढण्यासाठी आतील लाकूड खडबडीत असावे, त्याला रंग किंवा वाळवीनाशक लावू नये. तळ उघडा ठेवल्यास विष्ठा खाली पडून जाते. पेटी जमिनीपासून चार ते पाच मीटर उंचीवर, शक्यतो भिंतीवर किंवा खांबावर लावावी. झाडावर मांजरे आणि साप सहज पोहोचतात.

थंड देशांतील पुस्तिका पेटीला भरपूर ऊन मिळावे, असे सांगतात. तो सल्ला भारतात जसाच्या तसा पाळणे घातक ठरू शकते. पेटीतील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास वटवाघळे, विशेषतः पिल्ले, दगावू शकतात. म्हणून फिकट रंगाची बाहेरील बाजू, वायुविजनासाठी फट आणि दुपारनंतर सावली या बाबी येथे आवश्यक ठरतात.

सावधगिरी आणि मर्यादा

केरळमधील निपाह संसर्गाशी ज्यांचा संबंध जोडला जातो, ती फळे खाणारी मोठी वटवाघळे झाडांवर उघड्यावर लटकतात. ती अशा पेटीत येत नाहीत. तरीही कोणतेही वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. चावा किंवा ओरखडा लागल्यास जखम साबण आणि पाण्याने धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे. पेटी दारे-खिडक्यांवर लावू नये आणि सुकलेली विष्ठा झाडताना तिची धूळ श्वासात जाऊ देऊ नये.

पेटी ही प्रत्येक जातीसाठी उपाय नाही. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात बारापेडे गुहेत राहणाऱ्या रॉटन्स या दुर्मीळ वटवाघळाला गुहाच हवी. तिचे संरक्षण हाच त्यावरचा मार्ग आहे. बहुतेक वटवाघळांची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, त्यामुळे एकदा घटलेली संख्या भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. जुन्या घराची दुरुस्ती करताना तेथे वटवाघळे आढळली, तर पिल्ले उडू लागेपर्यंत फटी बुजवू नयेत आणि त्याआधीच जवळपास पेटी बसवावी. ती एखाद्या ऋतूत भरेल, कदाचित गेन्सव्हिलप्रमाणे काही वर्षे वाट पाहावी लागेल.