बोटीच्या गाद्यांना बुरशी : दोष रेक्झिनचा नव्हे, ओलाव्याचा



नारळी पौर्णिमा जवळ आली की खाडीकाठच्या गावांत होड्यांवरच्या ताडपत्र्या निघू लागतात. इंजिनाचे तेल बदलले जाते, जाळी दुरुस्त होते, रंगाचा हात फिरतो. पण ज्या होडीत रेक्झिनच्या गाद्या बसवलेल्या असतात तिथे ताडपत्री काढताच कोंदट वास नाकात जातो. पांढऱ्या गादीवर काळे ठिपके, शिवणीच्या कडेने हिरवट थर, कुठे पिवळा तर कुठे गुलाबी डाग. मग हाताला येईल ते घेऊन घासणे सुरू होते. कोणी संडास धुण्याचे ॲसिड घेतो, कोणी डिझेलचा बोळा, कोणी थिनर. दोन दिवस गादी चकचकीत दिसते. पंधरा दिवसांनी ठिपके परत हजर, आणि वर्षा-दोन वर्षांत रेक्झिनला चिरा.

शेतीखात्याच्या माणसाने बोटीच्या गाद्यांवर का लिहावे, असे कोणी विचारील. कारण सोपे आहे. बुरशी ही आमची जुनी ओळखीची. कणगीतल्या भाताला, साठवलेल्या शेंगांना आणि होडीतल्या गादीला बुरशी धरते ती एकाच कारणाने. भात साठवताना ओलावा १२ ते १४ टक्क्यांवर आणा, असे आम्ही सांगतो. त्याच्या वर ओल राहिली की कितीही औषध मारा, बुरशी येणारच. गादीचेही तेच आहे.

दिवाळ्याची हवा आणि गादीतली ओल

नवी मुंबईतील दिवाळे हे पनवेल खाडीच्या काठी, बेलापूरला लागून असलेले कोळ्यांचे गाव. इथल्या बहुतेक होड्या मासेमारीच्या, बसायला लाकडी फळी. पण खाडीत आता प्रवाशांची ये-जाही आहे. बेलापूरच्या जेट्टीवरून वॉटर टॅक्सीचा शुभारंभ फेब्रुवारी २०२२ मध्ये झाला. पाहुण्यांना खाडी दाखवायची किंवा घारापुरीला न्यायचे म्हटले की फळीवर गादी आलीच. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, प्रवासी होड्याही पावसाळ्यात बऱ्याच अंशी उभ्याच राहतात. मुंबई परिसरात पावसाळ्यात सरासरी २,००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकली तरी बुरशीला पुरते. म्हणजे बुरशीचे बी हवेत, पाणी हवेत, आणि वरून आपण ताडपत्री घट्ट बांधून तिला ऊबही देतो.

आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते कापडाच्या पाठीवर चढवलेले पीव्हीसी प्लास्टिक. निव्वळ पीव्हीसी कडक असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ मिसळतात. बुरशीला खाद्य मिळते ते या तेलकट पदार्थातून आणि वर बसलेल्या घाम, धूळ, माशांचे रक्त व खवले यांतून. डिझेल, पेट्रोल, थिनर हेच तेल ओढून काढतात. म्हणून डिझेलने पुसलेली गादी आज चमकते आणि उद्या पापडासारखी तडकते.

दुसरी गोष्ट मिठाची. खारे पाणी गादीवर सुकले तरी मीठ मागे राहते आणि ते दमट हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तसेच गादीला सुटते. खाऱ्या पाण्याने धुतलेली गादी कधीच पुरती सुकत नाही.

आधी गादी दाबून बघा

साफसफाईला हात घालण्यापूर्वी गादी उचलून तळहाताने जोरात दाबा. शिवणीतून पाणी आले किंवा कोंदट वास सुटला, तर रोग आतल्या फोममध्ये आहे. अशा वेळी वरून कितीही घासा, उपयोग शून्य. गादी उलटी करून खालच्या प्लायवूडवरच्या पिना काढा, कव्हर सोडवा आणि फोम वेगळा करा. फोम साबणाच्या गोड्या पाण्यात दाबून धुवा, पाणी पिळून काढा आणि वाऱ्यावर दोन-तीन दिवस राहू द्या. फोम काळा पडून चुरा होत असेल तर मोह सोडा आणि बदला. प्लायवूड कुजले असेल तर तेही बदलावे.

बुरशी काढण्याची पद्धत

१) गादी होडीतून काढून मोकळ्या जागी आणा. नाकावर रुमाल किंवा मास्क बांधा, हातात रबरी मोजे घाला. दम्याच्या माणसाने आणि लहान मुलांनी जवळ थांबू नये.

२) कोरडी बुरशी झाडू नका. तिचे बी उडते आणि शेजारच्या गादीवर बसते. आधी पाण्याचा हबका मारा, मग ओल्या फडक्याने पुसा. ते फडके टाकून द्या.

३) कोमट गोड्या पाण्यात कपडे धुण्याची सौम्य पावडर घालून मऊ ब्रशने घासा. शिवणीसाठी जुना दात घासायचा ब्रश उत्तम. तारेची घासणी वापरू नका. तिने पडलेल्या ओरखड्यांत पुढची बुरशी घर करते.

४) ठिपके राहिले तर किराणा दुकानातले पांढरे व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन लावा. १५ ते २० मिनिटे थांबा, घासा आणि भरपूर गोड्या पाण्याने धुवा.

५) तरीही डाग राहिला आणि गादी पांढरी असेल, तरच ब्लीचचा विचार करा, आणि तोही व्हिनेगर पूर्ण धुऊन दुसऱ्या दिवशी. एक लिटर पाण्यात घरगुती ब्लीच चार मोठे चमचे, पाच मिनिटे, मग तीन पाण्यांनी धुणे. आधी गादीच्या खालच्या बाजूला थोडेसे लावून पाहा. ब्लीच शिवणीचा दोरा कमजोर करते, म्हणून हा उपाय शेवटचा आणि क्वचितचा. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर गादीवर मुळीच भुरभुरू नये.

जीवावर बेतणारी चूक

ब्लीच किंवा टीसीएल यांत व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधील इप्र येथे सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. बंद केबिनमध्ये किंवा इंजिनच्या खणात वाकून काम करणाऱ्याला तो पळायलाही वेळ देणार नाही. अमोनिया असलेले द्रावण ब्लीचमध्ये मिसळले तरी विषारी वायूच निघतो. तेव्हा एका वेळी एकच औषध, आणि तेही उघड्यावर.

धुतलेले ब्लीचचे पाणी खाडीत ओतू नये. कोलंबीची, चिंबोरीची, निवट्यांची पिल्ले याच काठच्या चिखलात वाढतात. आपल्याच ताटातले आपण मारायचे कशाला? धुण्याचे काम काठापासून दूर, मोकळ्या जमिनीवर करावे.

डाग पाहून उपाय

माशाचे रक्त : थंड पाणी व साबण. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो.

तेल, ग्रीस : भांडी घासण्याचा द्रव साबण फडक्यावर घेऊन पुसा, दोन-तीनदा करा.

पक्ष्यांची विष्ठा : खरवडू नका. ओले फडके दहा मिनिटे ठेवा, मऊ झाले की उचला.

गंज : लिंबाचा रस दहा मिनिटे लावून धुवा. मात्र गंज येतो तो खालच्या लोखंडी पिनांतून. पिना बदलल्या नाहीत तर डाग पुन्हा येणार.

टायरचा तपकिरी डाग : होडीच्या कडेला बांधायचे जुने टायर पावसाळ्यात गाद्यांवर रचून ठेवायची सवय असते. टायरच्या रबरातले द्रव्य रेक्झिनमध्ये मुरते. हा डाग जात नाही. टायर वेगळे ठेवणे हाच उपाय.

गुलाबी डाग : हा डाग पाहून अनेक जण हैराण होतात. रेक्झिनच्या पाठीमागे ओलीत वाढणारे सूक्ष्म जीव रंग तयार करतात. तो रंग प्लास्टिकमधल्या तेलात विरघळून आतून वर येतो. वरून घासून तो निघत नाही, त्यावर पैसे घालवू नका. आत ओल आहे याची ती खूण समजा, गादी उघडा आणि सुकवा.

पुन्हा होऊ नये म्हणून

दिवाळ्यातल्या कोळणीला बोंबील कसे सुकवायचे हे शिकवावे लागत नाही. ते वलांडीवर टांगायचे, वारा दोन्ही बाजूंनी खेळला पाहिजे. गादीलाही हाच नियम लावा. पावसाळ्यापूर्वी गाद्या होडीतून काढून गोड्या पाण्याने धुवा, पुऱ्या सुकवा आणि घरात किंवा पडवीत आडव्या न रचता उभ्या, एकमेकींत चार बोटे अंतर ठेवून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत घाम सुटतो. पाऊस उघडेल तेव्हा वारा द्या. सुकवताना कोवळे ऊन चालते, पण रोज दिवसभर कडक उन्हात ठेवले तर रेक्झिन कडक होते. होडीवरची ताडपत्री मधोमध बांबू घालून उंच बांधा आणि दोन्ही टोकांना वाऱ्याला वाट ठेवा.

नवी गादी शिवून घेताना गादीवाल्याला चार गोष्टी सांगा : दोरा पॉलिएस्टरचा, पिना स्टेनलेस स्टीलच्या, खाली आयएस ७१० चे मरीन प्लायवूड आणि त्याला पाणी निथळायला व हवा जायला भोके. थोडा खर्च वाढतो, पण दर दोन वर्षांनी गादी शिवण्यापेक्षा तो परवडतो. ट्रॅक्टर, पॉवर टिलर, रिक्षा यांच्या सीटनाही वरची धुण्या-सुकवण्याची रीत लागू आहे.

गादीखालची लाइफ जॅकेटे

आता सर्वांत महत्त्वाचे. पुष्कळ होड्यांत लाइफ जॅकेटे याच गाद्यांखालच्या खणात कोंबलेली असतात. गादीला बुरशी आली म्हणजे जॅकेटही ओलीतच आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. अशा वेळी हाताशी आलेल्या जॅकेटचा पट्टा तुटला तर काय उपयोग?

म्हणून गाद्या काढाल त्याच दिवशी जॅकेटेही बाहेर काढा. सौम्य साबण आणि गोडे पाणी एवढ्यानेच धुवा, ब्लीच लावू नका. सावलीत टांगून सुकवा. मग प्रत्येक पट्टा दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहा, बकल लावून पाहा. शिवण उसवलेले, फोम चेपलेले किंवा पट्टा विरलेले जॅकेट वापरातून काढावे. "असू दे, मोजायला होईल" म्हणून ठेवू नये. चांगली जॅकेटे खणात न कोंबता हाताला येतील अशी टांगावीत.

खाडीकाठच्या गावांतील सरपंच, ग्रामसेवक व मच्छीमार संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. बंदरावर गोड्या पाण्याचा एक नळ आणि बाजूला वारा खेळता एक साधा मांडव एवढी सोय झाली, तर गाद्या, जॅकेटे आणि जाळी या सगळ्यांचे आयुष्य वाढेल. यंदा होड्या पाण्यात लोटण्यापूर्वी प्रत्येकाने निदान एक दिवस या कामाला द्यावा. दिवाळीत बहिरीदेवाच्या उत्सवाला पाहुणे येतील तेव्हा गादी कोरडी असेल आणि तिच्या जवळचे जॅकेट भरवशाचे असेल.