सहाची बोट आणि साठ किलोमीटरवरचं देऊळ

आमच्या बदलापूरच्या सोसायटीतल्या एक ताई मुंबईत गाईडचं काम करतात. परदेशी क्रूझ बोटी मुंबईला लागतात त्या ऑक्टोबर ते एप्रिल-मे या काळात, पावसाळा सोडून. तोच ताईंचा मोसम. बोटीवरून उतरणाऱ्या लोकांचा एक दिवस आखून द्यायचा, तो त्यांच्याबरोबर काढायचा आणि संध्याकाळी त्यांना बोटीवर परत पोचवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यांची वही पाहिली तेव्हा कळलं की हा दिवस त्या खालून वर लिहितात. पानाच्या तळाशी पहिली ओळ : बोट सुटणार ६. तिच्या वर : ५ ला बोटीवर. त्याच्या वर : ४ ला बंदराचं गेट. आणि सगळ्यात वर, शेवटी लिहिलेली ओळ, सकाळी भेटायचं कुठे.

मुंबईतला नेहमीचा दिवस त्यांना वही न उघडताही सांगता येतो. गेटवे, सीएसएमटीची इमारत, गावदेवीचं मणिभवन, महालक्ष्मीचा धोबीघाट, साडेअकराच्या सुमाराला चर्चगेटबाहेर उतरणारे डबेवाल्यांचे डबे. घारापुरी हवी असेल तर गेटवेहून लाँचला जायला तास आणि यायला तास, वर पायऱ्या, आणि सोमवारी लेणी बंद. बोटी लागतात त्या बॅलार्ड पिअरपासून यातलं काहीच फार लांब नाही, म्हणून चूक झाली तरी निस्तरता येते. या वेळी मात्र एका वयस्क जोडप्याने वेगळंच मागितलं होतं. धोबीघाट त्यांनी मागच्या फेरीत पाहिला होता. त्यांना अंबरनाथचं शिवमंदिर बघायचं होतं.

बंदर ते अंबरनाथ साठेक किलोमीटर. ताईंनी आधी एकदा स्वतः जाऊन यायचं ठरवलं. या धंद्यात याला रेकी म्हणतात. "चल की तूही," म्हणाल्या, म्हणून मी गेले.

निघण्याआधीच त्यांचा एक प्रश्न बोटीच्या एजंटकडे गेला होता : सहा म्हणजे कुणाचे सहा? बोट आखातातून येणार होती. दुबईच्या आणि आपल्या घड्याळात दीड तासाचा फरक. बोटीने घड्याळ बदललं नाही, तर प्रवाशाच्या मनगटावर साडेचार वाजलेले असतात तेव्हा इथे सहा. एवढ्यावर माणसं राहून जातात. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट शक्यतो थांबते, किंवा कंपनी त्यांना पुढच्या बंदरावर पोचवायची सोय करते. स्वतःच्या जबाबदारीवर उतरलेल्यासाठी बोट थांबत नाही. खोलीतले पासपोर्ट काढून बंदरावरच्या एजंटकडे ठेवतात आणि शिडी उचलतात.

सकाळ लवकर सुरू होत नाही, हेही लक्षात घ्यावं लागतं. बोट सातला लागली तरी इमिग्रेशनचे सोपस्कार, रांग, शटल बस, हे सगळं होऊन प्रवासी गेटबाहेर यायला पावणेनऊ धरायचे. एकेकाळी हे सोपं होतं. १९२८ मध्ये फ्रंटियर मेल सुरू झाली, तेव्हा मोसमात ती थेट बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरच्या मोल स्टेशनातून सुटायची. विलायतेची डाक आणि साहेब लोक आगबोटीतून उतरून समोरच्या डब्यात बसत. आता तिथून सीएसएमटीला टॅक्सी करावी लागते. अंतर जेमतेम, पण सिग्नल आहेत.

गाडी की लोकल, यावर आमचा वाद झाला. मी गाडी म्हणाले. ईस्टर्न फ्रीवे बंदराच्या शेजारीच, पी. डिमेलो रोडवर सुरू होतो. एसी गाडी, दारात उतरायचं. ताईंनी एकच शब्द उच्चारला : शिळफाटा. तिथे कधी दहा मिनिटं लागतात, कधी तासभर, आणि कधी काय लागेल ते आधी सांगता येत नाही. त्या दीड तासाच्या रस्त्याला अडीच तासही लागू शकतात. "उशीर चालतो गं, पण किती उशीर ते तरी कळायला हवं," त्या म्हणाल्या. लोकलचं ते कळतं.

आणि मग मला एक गोष्ट दिसली, जी इतकी वर्षं लोकलने जाऊन कधी दिसली नव्हती. आम्ही बदलापूरकर सकाळी मुंबईकडे लोंबकळत जातो आणि संध्याकाळी तसेच लोंबकळत येतो. बोटीवरच्या माणसाचा दिवस याच्या नेमका उलटा. तो सकाळी सव्वानऊला डाऊन गाडीत बसतो. ठाण्यापर्यंत थोडी गर्दी असते, पुढे खिडकी. परतीला तो दुपारी अप गाडीत असतो, तेव्हा डबा निम्मा रिकामा. जी लोकल आम्हाला रोज पिळून काढते, ती याला पाय पसरून नेते. मला थोडा मत्सर वाटला, हे लपवत नाही.

कल्याणनंतर जलद गाडीही प्रत्येक स्टेशनवर थांबते : विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ. उल्हासनगरला उतरायचा माझा हट्ट होता. सकाळी तिथे दाल पकवान मिळतं. शिवाय लष्कराच्या कल्याण ट्रान्झिट कँपात फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरवले, १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं, आणि रिक्षावाला आजही 'कँप चार, कँप पाच' असेच पत्ते ओळखतो, हे कुणाही पाहुण्याला ऐकायला आवडेल. ताईंनी घड्याळ पाहिलं. उतरणं, रिक्षा, खाणं, पुढची गाडी, म्हणजे कमीत कमी एक तास. "खिडकीतून दाखवीन आणि गोष्ट गाडीतच सांगेन." मला आजही वाटतं की देवळातला अर्धा तास कापून ते पकवान खायला हवं होतं.

अंबरनाथ पूर्वेला उतरून रिक्षाने दहा मिनिटं. देऊळ पाहताना ताईंनी शिल्पांआधी भलत्याच गोष्टी बघितल्या. स्वच्छतागृह कुठे, त्याला कडी आहे का. चपला काढल्यावर किती फरशी उन्हात आहे, कारण साडेअकरानंतर काळा दगड तापतो. मोजे आणायला सांगायचे. सभामंडपातून गाभाऱ्यात खाली पायऱ्या उतरतात, तिथे गुडघे दुखणाऱ्याने हात कशावर टेकायचा. सोमवारी रांग, म्हणजे बोट सोमवारी असेल तर बाहेरूनच जास्त पाहायचं. महाशिवरात्र याच मोसमात येते आणि त्या दिवशी या भागात गाडी काय, पाऊलही हलत नाही. ती तारीख लाल.

मग त्या शिल्पांकडे वळल्या. शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ.स. १०६०. शिलाहार राजा छित्तराजाने बांधायला घेतलं, मुम्मुणीच्या काळात पुरं झालं. भूमिज शैली, स्थानिक काळा बेसाल्ट. गाभाऱ्यावर पूर्ण शिखर नाही, वरून थेट उजेड येतो. बाहेरच्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत इंचभर जागा मोकळी नाही. ताईंनी सगळं दाखवायचा मोह टाळला, मोजक्या मूर्ती निवडल्या आणि त्या सावलीत कोणत्या वेळी असतात ते लिहून घेतलं.

देवळाला लागून वालधुनी वाहते. कारखान्यांचं पाणी पोटात घेऊन ती काळी झाली आहे, आणि वारा फिरला की वास येतो. "याबद्दल काय सांगणार?" मी विचारलं. "विचारलं तर खरं तेच. त्यांना नाक आहे की."

परतीची गाडी सव्वाएकची. ताईंनी मुद्दाम अंबरनाथहून सुटणारी धरली. ती फलाटावर काही मिनिटं उभी असते. कर्जतहून आलेली गाडी अर्ध्या मिनिटात निघते आणि सत्तरीच्या माणसांना तेवढ्यात चढवणं म्हणजे परीक्षा. तीनच्या आत सीएसएमटी. पाचला दोन तास उरतात, आणि ते उरवण्यासाठीच बाकी सगळं कापलं. गाडी वाटेत अडकली तर काय, तेही वहीत होतं : कल्याणला लांब पल्ल्याची गाडी, ठाण्याला टॅक्सी, कुर्ल्याला हार्बर, कारण मेन लाइन बसली तरी हार्बर चालू असू शकते. रविवारी मेगाब्लॉक असतो म्हणून रविवारी हा कार्यक्रमच नाही.

ताईंचा हाच हिशोब आमच्या इमारतीतल्या लोकांनाही उपयोगी पडतो. हल्ली इथली बरीच कुटुंबं मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला क्रूझने जातात आणि निघण्याआधी ताईंकडे चहाला येतात. मुरगावला उतरून कळंगुट करायचं असतं प्रत्येकाला. ताई वेळेच्या हिशोबाने त्यांना मंगेशी आणि जुन्या गोव्यावर आणतात. अगत्तीला तर बोट धक्क्याला लागतच नाही; खोल पाण्यात उभी राहते, लहान होडीतून जावं लागतं, आणि समुद्र खवळला तर जाणंच रद्द. "तिथे पोरांना आधीच काही कबूल करू नका," एवढाच सल्ला.

त्या रात्री जोडप्याला कार्यक्रम गेला. मी वाचला तर त्यात बदलापूर कुठेच नव्हतं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. "सहाच्या बोटीत बदलापूर बसत नाही," ताई म्हणाल्या. "काही बोटी मुंबईत रात्रभर थांबतात. तसली एखादी मिळू दे, मग आणते त्यांना घरी जेवायला. पोळ्या तू कर."