किरणांचा क्रम

अंबाबाईचा किरणोत्सव कोल्हापूरकरांना सांगायला नको. 9 नोव्हेंबर आणि 31 जानेवारीला मावळतीची किरणं देवीच्या चरणांवर येतात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत चढतात, तिसऱ्या दिवशी मुखावर. आम्हा उचगावकरांचा सूर्य कोल्हापूर शहरामागेच मावळतो. त्यामुळे या दिवसांत पश्चिमेला ढग दिसला की आमच्याकडेही जीव वरखाली होतो. हा सोहळा घडतो कसा, याचं कुतूहल मला शाळेपासून आहे.

नवरात्र तिथीनं येतं, म्हणून तारखेत पुढंमागं सरकतं. किरणोत्सव मात्र इंग्रजी तारखांना बांधलेला आहे. इथं चंद्राचा संबंध नाही, फक्त सूर्याचा आहे. 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या साधारण 41-42 दिवस आधी आणि तितक्याच दिवसांनी नंतर तो एकाच जागी मावळतो, पश्चिमेच्या सुमारे 18 अंश दक्षिणेला. दोन उत्सवांचं गूढ इथंच उलगडतं. तारखा इंग्रजी असल्यानं त्यांचं वय मात्र मंदिराएवढं असू शकत नाही. शिवाय मूर्तीची पुनःस्थापना 1715 सालची. त्यामुळे ‘प्राचीन विज्ञान’ म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी जरा थांबावं. निव्वळ योगायोग म्हणून हात झटकणाऱ्यांनीही थांबावं.

कारण खरी गंमत क्रमात आहे. सूर्य जितका खाली, तितकी किरणं आडवी आणि गाभाऱ्यात उजेड तितका वर. आपल्या अक्षांशावर सूर्य एक अंश खाली जाताना सुमारे तीन दशांश अंश उत्तरेकडे सरकतो. महाद्वार, गरुड मंडप, पितळी उंबरा अशा अरुंद वाटेच्या रेषेत त्याला यायचं असतं. नोव्हेंबरात तो रोज जवळजवळ तेवढाच दक्षिणेला गेलेला असतो, म्हणून रेषेत येईतो आदल्या दिवसापेक्षा अंशभर खाली उतरतो. चरण, छाती, मुख हा क्रम हिशेबात चपखल बसतो. तो पहिल्यांदा कागदावर उतरला तेव्हा मी अक्षरशः हरखलो.

पण जानेवारीअखेर सूर्य उत्तरेकडे परतत असतो. 11 नोव्हेंबरचा सूर्यमार्ग म्हणजे जवळपास 31 जानेवारीचा, आणि 9 नोव्हेंबरचा तो 2 फेब्रुवारीचा. मग याच हिशेबानं हिवाळा सरतानाचा क्रम उलटा हवा: आधी मुख, शेवटी चरण. परंपरा मात्र दोन्ही वेळा चरणांपासूनच सुरुवात सांगते.

परंपरा खोटी, असं मी म्हणणार नाही. ढग, धूळ, बाष्प, वाटेतल्या इमारती किरणांना अडवतात, आणि एका संध्याकाळच्या अडथळ्यानं क्रम बदलू शकतो. पण ‘किरणं कमरेलाच थांबली’ म्हणून हळहळणारा भाविक माझ्या मते निरीक्षकच आहे. त्याच्या श्रद्धेपोटीच हे शहर सूर्याच्या वाटेतले अडथळे काढा म्हणून वर्षानुवर्षं ओरडत आलं आहे. कुठल्या वेधशाळेसाठी एवढं कोण ओरडलं असतं? अभ्यासक प्रकाशमापक घेऊन देवळात आले, तेही या ओढीमुळेच.

माझी विनंती देवस्थानला, श्रीपूजकांना आणि इथल्या महाविद्यालयांना आहे. किरणं कुठवर पोचली, किती वाजता, आकाश कसं होतं, हे दोन्ही उत्सवांत मिनिटामिनिटानं नोंदवा आणि ती वही महाद्वारात सर्वांना पाहायला ठेवा. जानेवारीचा क्रम उलटा निघाला, तर तसंही लिहा.